बंद पडलेले सॉकेट : दोष शोधावा कसा आणि थांबावे कोठे

घरातील दिवे लागलेले असतात, पंखा फिरत असतो. आणि तरीही भिंतीवरच्या एखाद्या सॉकेटमध्ये प्लग खोचून बटण दाबले असता उपकरण जागचे हलत नाही. असा अनुभव ज्यास आलेला नाही, असा गृहस्थ विरळाच. अशा वेळी दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. काही जण विजेच्या भीतीने कशालाही हात न लावता वायरमनची वाट पाहत बसतात. काही जण तत्काळ पेचकस घेऊन सॉकेटची पट्टी उघडतात. पहिल्यांचा केवळ खोळंबा होतो. दुसऱ्यांच्या प्राणावर बेतू शकते. कारण ‘या सॉकेटमध्ये वीज नाही’ हे त्यांचे गृहीतच पुष्कळदा खोटे असते. सॉकेट काम करीत नाही, एवढेच त्यांना ठाऊक असते. तेथे वीज नाही, याची खात्री त्यांनी करून घेतलेली नसते. या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते एकदा नीट ध्यानात आले म्हणजे बराचसा दोष पट्टी न उघडताच ओळखता येतो, आणि आपण कोठे थांबले पाहिजे तेही कळते.

विजेची वाट

विद्युत् प्रवाह वाहण्यास जाण्याची आणि परत येण्याची अशी अखंड वाट लागते. या पूर्ण वाटेस विद्युत् मंडल म्हणतात. रहाटाची माळ कोठेही तुटली तरी जशी सगळीच थांबते, तसे मंडल कोणत्याही एका जागी खंडित झाले तरी प्रवाह थांबतो. मग ती जागा जाणाऱ्या तारेत असो वा येणाऱ्या तारेत असो. उपकरणाच्या दृष्टीने परिणाम एकच. हात लावणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मात्र तो एकच नसतो, हे पुढे दिसून येईल.

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा आणि सेकंदास ५० आवर्तनांचा असतो. सॉकेटपर्यंत तीन तारा येतात. पहिली फेज, म्हणजे जिच्यात दाब असतो ती. तिचा रंग तांबडा, पिवळा किंवा निळा असतो. दुसरी न्यूट्रल, म्हणजे परतीची तटस्थ तार. ती बहुधा काळी असते. तिसरी अर्थ, म्हणजे जमिनीशी जोडलेली हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार. मोठे छिद्र वर ठेवून सॉकेटकडे समोरून पाहिले असता वरचे छिद्र अर्थचे, उजव्या हाताचे फेजचे आणि डाव्या हाताचे न्यूट्रलचे असावे, असा संकेत आहे. अर्थची पिन इतर दोन पिनांहून जाड व लांब ठेवलेली असते. लांबीमुळे ती सर्वांआधी जोडली जाते व सर्वांनंतर सुटते, म्हणजे उपकरणात वीज शिरण्यापूर्वीच त्याच्या धातूच्या आवरणास संरक्षण मिळालेले असते.

न्यूट्रल तार वितरणाच्या रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेली असते. म्हणून मंडल सुस्थितीत असता तिच्यात व जमिनीत दाबाचा फरक अगदी थोडा असतो. ‘काळी तार निरुपद्रवी असते’ हा समज यातूनच निर्माण झाला. मंडल अखंड आहे तोवर तो बव्हंशी खरा असतो. खंडित झाले की तोच समज घातक ठरतो.

प्रथम दोषाची व्याप्ती पाहावी

दोष शोधताना नेहमी व्यापकाकडून सूक्ष्माकडे जावे. सॉकेट उघडणे ही पहिली पायरी नसून शेवटची आहे, आणि ती सामान्यतः घरमालकाची नव्हेच.

सर्वप्रथम उपकरण निर्दोष आहे काय ते पाहावे. तेच उपकरण खात्रीने चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावावे, आणि बंद सॉकेटमध्ये एखादा साधा टेबलदिवा लावून पाहावा. या एवढ्याशा परीक्षेने पुष्कळ प्रकरणांचा निकाल लागतो. प्लगमधील तार सुटणे, इस्त्रीची दोरी मुळाशी तुटणे हे दोष भिंतीतील दोषांइतकेच नित्याचे आहेत.

उपकरण निर्दोष ठरल्यास, बंद पडलेले सॉकेट एकच आहे की अनेक, ते मोजावे. त्याच पट्टीवरील दुसरे सॉकेट चालू असेल, तर दोष बहुधा त्या एका सॉकेटमध्ये किंवा त्याच्या बटणात आहे. आपल्याकडे प्रत्येक सॉकेटशेजारी स्वतंत्र बटण बसवण्याची पद्धत आहे. बटणाच्या आतील संपर्क वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी जळतात. बटण वरून खाली होते, परंतु आत जोड होत नाही. बटण दाबताना चर्र असा आवाज येणे, पट्टीचा रंग तपकिरी पडणे, जळका वास येणे, या त्याच्या खुणा होत.

एका भिंतीवरील वा एका खोलीतील सर्व सॉकेट एकदमच बंद असतील, तर दोष त्यांच्या सामाईक वाटेवर आहे. घरात सॉकेटच्या तारा बहुधा एकातून दुसऱ्यात अशा साखळीने पुढे नेलेल्या असतात. या साखळीत एका ठिकाणचा जोड सैल झाला, की त्याच्या पुढची सर्व सॉकेटे बंद पडतात व अलीकडची चालू राहतात. म्हणून चालू असलेले शेवटचे आणि बंद असलेले पहिले, या दोहोंच्या दरम्यान किंवा त्यांपैकी एकात दोष असण्याचा संभव अधिक. घरमालकाने ही यादी कागदावर करून ठेवली, तर वायरमनचे अर्धे काम होऊन जाते.

सॉकेटच्या छिद्रांत मातीची गुठळी दिसल्यास आश्चर्य वाटू नये. कुंभारीण माशी अशा बिनवापराच्या छिद्रांत घर बांधते. ती माती सुई वा तार घालून उकरण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

पेटीतील पहारेकरी

घराच्या वितरण पेटीत प्रत्येक मंडलासाठी एमसीबी नावाचा स्वयंचलित खटका असतो. जुन्या घरांत त्याच्या जागी चिनी मातीचा किटकॅट फ्यूज आढळतो. दोहोंचे काम एकच. भिंतीतील तारेतून तिच्या शक्तीबाहेर प्रवाह जाऊ लागला, तर मंडल तोडणे. हा पहारा उपकरणासाठी नसून प्रामुख्याने तारेसाठी असतो, हे पुष्कळांस माहीत नसते.

एमसीबीच्या पोटात दोन यंत्रणा असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी. जास्त प्रवाह काही काळ वाहिला म्हणजे ती तापून वाकते आणि खटका पाडते. दुसरी विद्युत् चुंबकाची. ती शॉर्ट सर्किटच्या प्रचंड प्रवाहाने क्षणार्धात काम करते. म्हणून खटका पडण्यास लागलेला वेळ हा स्वतःच एक पुरावा होय. खटका वर करताच खाली आला, तर शॉर्ट सर्किटची शंका घ्यावी. दहापंधरा मिनिटांनी आला, तर बहुधा भार जास्त झाला आहे. काही घडणींत पडलेला खटका अर्ध्यावरच थांबतो. तो प्रथम पूर्ण खाली ओढून मगच वर करावा लागतो. त्या मंडलावरील सर्व प्लग काढूनही खटका पुन्हा पडत असेल, तर तो परत परत वर करीत राहू नये. पहारेकरी ओरडत असता त्याचे तोंड दाबण्यासारखेच ते आहे. फ्यूजमध्ये ठरल्याहून जाड तांब्याची तार गुंडाळणे हा त्याच अविचाराचा जुना प्रकार. त्याने फ्यूज जळत नाही. त्याऐवजी भिंतीतील तार जळते.

अनेक घरांत याशिवाय आरसीसीबी नावाचे उपकरण असते. फेजमधून गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची ते सतत तुलना करते. दोहोंत फरक पडला, तर तेवढी वीज दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने, ओल्या भिंतीतून, गीझरच्या आवरणातून अथवा माणसाच्या देहातून, जमिनीत जात आहे, असा त्याचा अर्थ. घरगुती आरसीसीबी सामान्यतः ३० मिलिअँपिअर फरकावर मंडल तोडतो. पावसाळ्यात तो वारंवार पडू लागल्यास त्याला दोष देऊ नये. सर्व प्लग काढून तो वर करावा आणि उपकरणे एकेक करून लावावीत. ज्या उपकरणाने तो पडेल, ते दुरुस्तीस द्यावे. एकही उपकरण न लावता तो पडत असेल, तर ओल वायरिंगमध्येच शिरली आहे असे समजावे. त्याच्यावरील परीक्षेचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो काम करतो याची खात्री करावी.

टेस्टर पेटतो, पण दिवा लागत नाही

आता सर्वांत फसव्या दोषाकडे वळू. बंद सॉकेटच्या उजव्या छिद्रात टेस्टर घातला असता त्यातील निऑन दिवा नेहमीसारखा उजळतो. म्हणजे वीज आहे. परंतु टेबलदिवा लागत नाही. टेबलदिवा लावून त्याचे बटण चालू ठेवावे आणि त्याच साखळीतल्या पुढच्या सॉकेटच्या डाव्या छिद्रात टेस्टर घालावा, तर तेथेही तो उजळतो! दोन्ही छिद्रांत वीज आणि उपकरण मात्र बंद, हा चमत्कार पाहून पुष्कळ जण गोंधळतात.

यात चमत्कार काही नाही. परतीची तार, म्हणजे न्यूट्रल, मागे कोठे तरी तुटलेली किंवा सुटलेली आहे. फेजमधून आलेला दाब दिव्याच्या तंतूतून पलीकडे पोहोचतो. पण पुढे वाट नसल्याने प्रवाह वाहत नाही, दिवा लागत नाही, आणि तुटलेल्या जागेच्या अलीकडची सर्व न्यूट्रल तार जमिनीच्या तुलनेने जवळजवळ २३० व्होल्टच्या दाबावर येऊन राहते. आता जो कोणी ‘सॉकेट बंद आहे’ किंवा ‘ही तर काळी तार’ असे म्हणून तिला हात लावील, त्याच्या देहामार्फत ती अपुरी वाट पूर्ण होईल. फेज तुटल्याने बंद पडलेले सॉकेट आणि न्यूट्रल तुटल्याने बंद पडलेले सॉकेट बाहेरून सारखीच दिसतात. पहिले बहुधा निर्वीज असते, दुसरे संपूर्ण सजीव.

टेस्टरची मर्यादाही यावरून लक्षात येते. त्या बिंदूवर जमिनीच्या तुलनेने दाब आहे, एवढेच तो सांगतो. मंडल पूर्ण आहे असे सांगत नाही. उलट तो न उजळणे हाही वीज नसल्याचा पक्का पुरावा नव्हे. त्याचा निऑन दिवा बिघडलेला असू शकतो, किंवा धरणारा कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल, तर प्रकाश दिसेनासा होतो. म्हणून जाणता वायरमन टेस्टर आधी चालू सॉकेटवर पारखतो, मग संशयित जागी लावतो, आणि शेवटी पुन्हा चालू सॉकेटवर पारखून घेतो.

सैल सांधा आणि उष्णता

फेज असो वा न्यूट्रल, ती तुटते कशी? भिंतीत खिळा ठोकताना, उंदराने कुरतडल्याने, असे कधी कधी घडते खरे. परंतु बहुतेक वेळा तार मध्येच तुटत नाही, तर तिचा सांधा सैल होतो. सांधा सैल झाला की त्या जागी रोध वाढतो. रोधातून प्रवाह गेल्याने निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स जूल याने १८४१ साली प्रसिद्ध केले. त्याच नियमाने एक लहानसा हिशेब करून पाहू.

गीझर २००० वॅटचा आहे. २३० व्होल्टवर तो सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो. सॉकेटच्या एका सैल स्क्रूपाशी अवघा अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर त्या बिंदूवर सुमारे ३६ वॅट उष्णता निघू लागते. सांधे डाखण्यासाठी वापरण्यात येणारी लहान सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीमागे तिच्याहून तापट वस्तू दडून बसली! आणि गीझरच्या वाट्याचा दाब केवळ चारएक व्होल्टने कमी होत असल्याने पाणी नेहमीसारखेच तापते. कोणालाही शंका येत नाही. एमसीबीही पडत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसून किंचित घटलेलाच असतो. अखेर सांधा जळून तुटतो आणि सॉकेट बंद पडते. तेव्हा बंद पडलेले सॉकेट ही पुष्कळदा होता होता राहिलेल्या आगीची खूण असते. सॉकेटचा स्पर्श गरम लागणे, प्लगच्या पिना काळवंडणे, मासळीसारखा वा जळक्या प्लास्टिकचा वास येणे, दिवा लुकलुकणे यांपैकी काहीही आढळल्यास सॉकेटचा वापर त्याच क्षणी थांबवावा आणि त्याचे मंडल पेटीतून बंद करावे.

पूर्वी अनेक दशके पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमच्या तारा वापरल्या गेल्या. ॲल्युमिनियम हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो व तो वीज वाहू देत नाही. शिवाय स्क्रूच्या दाबाखाली ही मऊ धातू हळूहळू दबत जाते, आणि तापल्याने व निवल्याने सांधा ढिला होतो. अशा घरांत एक सॉकेट बंद पडले, तर उरलेल्यांचे सांधेही तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

सैल सांधे आपण स्वतःही निर्माण करीत असतो. प्लग नसल्यास तारांची उघडी टोके सॉकेटच्या छिद्रांत घालून आगपेटीच्या काड्यांनी आवळणे, सहा अँपिअरच्या सॉकेटवर मल्टीप्लग लावून त्यावर इस्त्री व पाणी तापवण्याचे उपकरण एकदम चालवणे, हे प्रकार नित्य पाहावयास मिळतात. सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टवर १३८० वॅट. हजार वॅटची इस्त्री त्यावर चालेल, परंतु तिच्या जोडीला दुसरे तापणारे उपकरण चालणार नाही. मोठ्या उपकरणास सोळा अँपिअरचे स्वतंत्र सॉकेटच हवे.

दोष घराबाहेर असेल तर

क्वचित न्यूट्रल घरात न तुटता इमारतीच्या अथवा गल्लीच्या सामाईक तारेत तुटते. तीन फेजांवर वाटलेल्या घरांत तेव्हा काही दिवे मंदावतात आणि काही डोळे दिपवण्याइतके प्रखर होतात. कोणत्याही दोन फेजांमधील दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो. न्यूट्रल सुटताच दोन फेजांवरील दोन घरे जणू एकामागे एक अशी त्या ४०० व्होल्टवर जोडली जातात. एका घरात १००० वॅटचा व दुसऱ्यात १०० वॅटचा भार असेल, तर कमी भाराच्या घरावर सुमारे ३६४ व्होल्ट दाब येतो आणि तेथील उपकरणे जळतात. असे चिन्ह दिसताच मेन स्विच बंद करावा, शेजाऱ्यांस सांगावे आणि वीज कंपनीस कळवावे. अनेक राज्यांत त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे.

थांबावे कोठे

भारतीय विद्युत नियम, १९५६ यांत याविषयी एक विचारपूर्वक भेद केलेला होता. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू, मांडणीची क्षमता किंवा स्वरूप न पालटता, बदलणे एवढेच मोकळे ठेवले होते. तारांची भर, फेरबदल व दुरुस्ती हे काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्रधारक व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे, असे बंधन होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षाविषयक विनियमांतही हाच भेद कायम राहिला. या भेदामागील तत्त्व घरमालकाने स्वतःपुरते असे मानावे : पट्टीच्या बाहेरून जे पाहता, मोजता व बंद करता येते ते आपले, पट्टीच्या आत आहे ते जाणकाराचे.

आणखी एक इशारा आजच्या काळात अत्यावश्यक झाला आहे. पूर्वी मेन स्विच पाडला की घर निर्वीज होत असे. आता अनेक घरांत इन्व्हर्टर असतो. मेन बंद होताच, वीज गेली असे समजून, तो त्याच्याकडील सॉकेटांना बॅटरीतून वीज देऊ लागतो, आणि तीही २३० व्होल्टचीच. म्हणून कोणतेही काम करण्यापूर्वी मेनसह इन्व्हर्टरही बंद करावा, त्याची बाहेर जाणारी जोडणी तोडावी, आणि पेटीपाशी घरातील कोणीतरी उभे राहावे किंवा ‘काम चालू आहे, बटण लावू नये’ अशी चिठ्ठी डकवावी. वीज का गेली म्हणून दुसऱ्याने निष्पापपणे वर केलेल्या खटक्यामुळे कामावरच्या माणसाच्या जिवावर बेतते.

एखाद्यास विजेचा धक्का बसून तो चिकटून राहिलाच, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मेन बंद करावा. ते शक्य नसल्यास कोरड्या लाकडाने त्यास दूर सारावे, आणि तत्काळ ११२ या क्रमांकावर मदत मागवावी.

विजेची भीती बाळगून तिच्याविषयी अज्ञानात राहणे जितके अनिष्ट, तितकेच अर्धवट माहितीच्या बळावर तिच्याशी सलगी करणेही अनिष्ट. उपकरण पारखणे, बंद सॉकेटे मोजणे, पेटीतील खटक्यांची भाषा समजणे आणि गरम सांध्याचा वास ओळखणे, एवढे ज्ञान घरातील प्रत्येक प्रौढ व्यक्तीस असावे. त्यापलीकडे एकच वाक्य ध्यानात ठेवावे : सॉकेट बंद आहे, याचा अर्थ तेथे वीज नाही असा होत नाही; आणि खात्री होईपर्यंत प्रत्येक तार सजीव समजणे, हीच विजेशी वागण्याची खरी रीत होय.